टेकडी कुठून मोजायची?

टेकडी म्हणजे काय, हा प्रश्न शाळेच्या भूगोलात दोन ओळींत सुटतो. २०२५ च्या अखेरीस तोच प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, एकदा सुटला आणि सव्वा महिन्यात पुन्हा उघडला. २० नोव्हेंबरला न्यायालयाने केंद्राच्या समितीने सुचवलेली व्याख्या मान्य केली. भोवतालच्या जमिनीपासून किमान १०० मीटर वर उठलेला भूभाग तो अरवलीचा डोंगर, आणि असे दोन डोंगर एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत असले तर ती अरवलीची रांग. राजस्थान-हरियाणात लोक रस्त्यावर उतरले. २९ डिसेंबरला न्यायालयाने आपल्याच आदेशाला स्थगिती दिली.

वादाचं मूळ खाणींत आहे. जो उंचवटा व्याख्येत बसत नाही तो अरवली नाही, आणि जो अरवली नाही त्याचा दगड फोडायला वाट मोकळी. वनसर्वेक्षण संस्थेच्या अंतर्गत पाहणीतला म्हणून एक आकडा त्या दिवसांत वृत्तपत्रांत आला: राजस्थानच्या १५ जिल्ह्यांत २० मीटर किंवा त्याहून उंच अशा १२,०८१ टेकड्या, आणि त्यांतल्या १०० मीटरच्या कसोटीला उतरणाऱ्या १,०४८. सरकारने यावर हरकत घेतली. मोजणी टेकडीला वेढणाऱ्या सर्वांत खालच्या समोच्च रेषेपासून होणार, त्या रेषेच्या आतला उतार आणि पायथाही संरक्षणात येणार, आणि खाणीखाली जाऊ शकणारं क्षेत्र अगदी थोडं आहे, असं सरकारचं म्हणणं. ते उडवून लावण्याजोगं नाही. पण मूळ अडचण त्याने सुटत नाही. अरवली हा जगातल्या अतिप्राचीन वली पर्वतांपैकी एक. गुरुशिखर १,७२२ मीटरवर असलं तरी उत्तरेकडे जाताना ही रांग झिजत झिजत बुटक्या कण्यांची होते आणि दिल्लीत जमिनीला टेकते. झिजणं हेच ज्याचं वैशिष्ट्य, त्याला उंचीची परीक्षा लावायची, म्हणजे आजोबा ओळखायला केसांचा काळेपणा तपासण्यासारखं आहे.

त्या बुटक्या कण्यांकडे कामं आहेत. थरच्या वाळूला पूर्वेकडे सरकताना त्यांचा अडथळा होतो. त्यांच्या भेगाळलेल्या खडकातून पावसाचं पाणी खाली मुरतं आणि पायथ्याच्या विहिरींना मिळतं. यांतलं कुठलंही काम शंभराव्या मीटरला सुरू होत नाही. वनसर्वेक्षण संस्थेने आधी, २०१० च्या सुमारास, अरवलीची आखणी केली तेव्हा तीन अंशांहून जास्त उतार हा निकष धरला होता. उतार पाण्याच्या वाहण्याशी बांधलेला असतो, उंचीचा आकडा तसा बांधलेला नसतो. दोन निकष लावले की एकाच भूमीतून दोन निराळ्या अरवली निघतात.

भूगोलातल्या संज्ञा माणसाने ठरवलेल्या असतात, हे सांगून फार काही सांगितल्यासारखं होत नाही. खंड, समुद्र, बेट, किनारा, पर्वत, वाळवंट, दुष्काळ यांच्या सीमा निसर्गात रेघ मारून ठेवलेल्या नाहीत हे कुणालाही थोड्या विचाराने कळतं. युरोप आणि आशिया यांच्यामधली हद्द अठराव्या शतकात उरल पर्वतावर नेऊन ठेवली ती नकाशे करणाऱ्यांनी. उरलला त्याची खबर नाही. माझं म्हणणं याच्या एक पाऊल पुढे आहे. संज्ञा ठरवलेली असली तरी ती चूक किंवा बरोबर असू शकते. जी गोष्ट तिने पकडायची, त्या गोष्टीचं जमिनीवरचं काम तिच्या हद्दीत सापडतं की बाहेर सांडतं, ही तिची कसोटी. मोजपट्टी त्यानंतर येते. आपल्याकडे मात्र मोजपट्टी आधी येते आणि काम कुठे गेलं याचा शोध दुर्घटनेनंतर घेतला जातो.

मोजपट्टीला माझा विरोध नाही. तिचं शून्य कुठे ठेवलंय ते मात्र कळायला हवं. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ती वाचताना कोणता समुद्र, असं कुणी विचारत नाही. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्यामध्ये ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे पूल बांधला जात होता, तेव्हा हा प्रश्न महाग पडला. जर्मनीची उंची उत्तर समुद्राच्या पातळीवरून मोजतात, स्वित्झर्लंडची भूमध्य समुद्राच्या. दोन्हींत २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे अभियंत्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी तो हिशेबात धरलाही. पण चिन्ह उलटं लागलं. फरक मिटण्याऐवजी दुप्पट झाला, आणि २००३ साली ध्यानात आलं की नदीच्या दोन काठांवरून येणारी बांधकामं ५४ सेंटिमीटरने चुकतायत. एव्हरेस्टची ८,८४८.८६ मीटर ही उंची नेपाळ आणि चीन यांनी डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केली. त्याआधी चीन ८,८४४.४३ सांगत होता, कारण तो खडकापर्यंत मोजत होता आणि नेपाळ बर्फासकट. शून्य पृथ्वीच्या केंद्रात नेलं तर एव्हरेस्टचा मान इक्वेडोरच्या चिंबोराझोकडे जातो. समुद्रसपाटीपासून तो जेमतेम ६,२६३ मीटर, पण पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असल्याने त्याचा माथा केंद्रापासून सर्वांत दूर. यांत कुणी खोटं बोलत नाही.

शून्यानंतर येतो पट्टीचा लहानमोठेपणा. भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटर, हे पाठ करून दोन पिढ्यांनी स्पर्धा परीक्षा दिल्या. आता केंद्रीय गृहमंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ती ११,०९८.८१ किलोमीटर आहे. देशाला इंचभर नवी जमीन मिळाली नाही आणि किनारा जवळपास निम्म्याने वाढला. जुनी मोजणी १ : ४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती, नवी १ : अडीच लाखावरून. नकाशा मोठा झाला तशा खाड्या, भूशिरं, वळणं दिसू लागली. गुजरातचा किनारा १,२१४ वरून २,३४० वर गेला, महाराष्ट्राचा ६५२ वरून ८७८ वर (आपल्या क्रमिक पुस्तकांतला ७२० हा तिसराच आकडा), आणि पुदुच्चेरीचा उलट थोडा आखडला. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने हा गुंता आधीच ओळखला होता. एकाच सीमेची लांबी स्पेन ९८७ किलोमीटर सांगत होता आणि पोर्तुगाल १,२१४. १९६७ साली बेन्वा मांडेलब्रो याने ब्रिटनचा किनारा किती लांब, हा प्रश्न पुढे आणला आणि त्याचं एकच उत्तर नाही हे दाखवलं. पट्टी बारीक करत गेलं की लांबी वाढत जाते, ती कुठे थांबत नाही.

म्हणून ११,०९८ हा आकडा ७,५१६ पेक्षा खरा आहे, असं म्हणता येत नाही. तो अधिक बारीक पट्टीचा आहे, एवढंच. पण बारीक पट्टी कशासाठी घ्यायची, याला उत्तर आहे. दाभोळच्या किंवा जयगडच्या खाडीत आतपर्यंत भरतीचं पाणी चढतं, तिथे खारफुटी आहे, खाजण आहे, कोळ्यांची वस्ती आहे. समुद्राचं काम तिथवर चालतं, म्हणून तो किनारा आहे. गंमत अशी की नकाशा खाड्यांना किनाऱ्यात ओढून घेत असताना नियम त्यांना बाहेर ढकलत होता. किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठचा नियंत्रित पट्टा १०० मीटरचा होता, २०१९ च्या अधिसूचनेत तो ५० मीटरवर आला. वाढलेल्या किनाऱ्याचा अभिमान धरणारे बहुधा आखडलेल्या पट्ट्याबद्दल बोलत नाहीत.

काम आधी आणि पट्टी मागून, असं कुठे घडलंय का? घडलंय, आणि तेही जगातल्या सर्वांत तापलेल्या समुद्रात. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्यानुसार बेटाला भोवती २०० सागरी मैलांचं अनन्य आर्थिक क्षेत्र मिळतं. माणसांची वस्ती किंवा स्वतःचं आर्थिक जीवन पेलू न शकणाऱ्या खडकाला मात्र फक्त १२ मैलांचा प्रादेशिक समुद्र. एकाकी बेट असेल तर २०० मैलांच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे महाराष्ट्राहून कितीतरी मोठं. १२ मैलांचं भरतं दीड हजार. एका शब्दामागे इतकी मासळी आणि इतकं तेल असल्यावर कोण आपल्या दगडाला खडक म्हणू देईल? जपानने टोकियोपासून सुमारे १,७०० किलोमीटर दक्षिणेला ओकिनोतोरिशिमा इथे भरतीच्या वेळी पाण्यावर डोकावणाऱ्या दोन लहानशा खडकांभोवती काँक्रीटची भिंत बांधली, ते वाहून जाऊ नयेत म्हणून.

फिलिपिन्सने चीनविरुद्ध आणलेल्या दाव्यात १२ जुलै २०१६ रोजी लवादाचा निवाडा आला. त्यात स्प्रॅटली समूहातल्या सर्वांत मोठ्या नैसर्गिक बेटाचा, तैवानच्या ताब्यातल्या इतु आबाचा प्रश्न होता. सुमारे १.४ किलोमीटर लांब, त्यावर धावपट्टी, विहिरी, दवाखाना, तैनात माणसं. डोळ्यांना हे बेटच. लवादाने आकाराची पट्टी लावायला नकार दिला. त्याने विचारलं ते असं: बाहेरून रसद न आणता, बांधकामाचा टेकू न देता, या जमिनीने कधी एखादा मानवी समाज पोसला आहे का, ज्याला ती आपली वाटली? मग त्याने इतिहास तपासला. मासेमार येत आणि जात. खतासाठी खणणारे येत आणि माल घेऊन निघून जात. सैनिक तिथे आहेत ते हुकमाने. निष्कर्ष निघाला की इतु आबा कायद्याच्या दृष्टीने खडक. चीनने निवाडा धुडकावला, तैवाननेही. हॉवलंड आणि बेकर या निर्मनुष्य बेटांभोवतीचं आपलं आर्थिक क्षेत्र अमेरिकेने काही सोडलं नाही. ब्रिटनने १९९७ साली रॉकऑल या अटलांटिकमधल्या एकट्या खडकावरून केलेला दावा मागे घेतला होता, हा दुर्मीळ अपवाद. निवाड्याची अंमलबजावणी झाली नाही हे खरं, पण व्याख्या कशी करावी याचा तो नमुना आहे. वस्तू काय करते हे विचारा, आणि उत्तर तिच्या इतिहासात शोधा.

कॅस्पियनचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. ते सरोवर की समुद्र, यावर सोव्हिएत संघ फुटल्यापासून काठावरच्या पाच देशांत घोळ चालला, कारण समुद्र म्हटलं तर तळाची वाटणी एका तऱ्हेची आणि सरोवर म्हटलं तर दुसऱ्या. १२ ऑगस्ट २०१८ रोजी अक्ताऊ इथे करार झाला आणि दोन्ही नावं बाजूला ठेवून त्याला खास दर्जा दिला गेला. राजनैतिक दृष्टीने हुशारी. पण कॅस्पियनला मिळणारं बहुतेक पाणी व्होल्गा आणते आणि त्याची पातळी खाली जाते आहे, ही गोष्ट त्या खास दर्जाने बदलत नाही.

आता सह्याद्री. इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण आपल्या दारातला हा वाद पर्यावरण विरुद्ध विकास असा रंगवला गेला आणि त्यातला भूगोल कुणी पाहिला नाही. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालची समिती २०१० साली नेमली गेली, २०११ मध्ये अहवाल आला. तिने सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरचा पश्चिम घाट सगळाच संवेदनशील मानला, त्याचे तीन श्रेणींचे विभाग पाडले आणि अंतिम आखणी ग्रामसभांना विचारून करावी असं सुचवलं. तो अहवाल राजकारण्यांना पचला नाही. २०१२ मध्ये कस्तुरीरंगन यांचा कार्यगट आला. त्याने घाटाची हद्द आणखी मोठी धरली, १ लाख ६४ हजार चौरस किलोमीटर, आणि संरक्षण मात्र कमी जमिनीला दिलं, सुमारे ६० हजार. हे कसं साधलं? उपग्रहाच्या चित्रांवरून त्याने भूमीचे दोन भाग केले. गावं, शेती, मळे, बागा असलेला तो सांस्कृतिक भूप्रदेश, जवळपास साठ टक्के, उरलेला नैसर्गिक. संवेदनशीलता शोधायची ती दुसऱ्यात. मग ज्या गावाचं किमान वीस टक्के क्षेत्र त्यात येतं ते गाव यादीत.

या विभागणीला आधार आहे. घाटात माणसं राहतात, त्यांना जंगलाच्या कायद्याखाली चिरडू नये ही चिंता योग्यच, आणि कोकणातल्या शेतकऱ्यांची भीती केवळ खाणवाल्यांनी पेरलेली होती असं म्हणणं हा शहरी उद्दामपणा ठरेल. पण देवराई कुठल्या रकान्यात टाकायची? ती माणसाने राखलेली आहे म्हणून सांस्कृतिक, की झाडं-झरे आहेत म्हणून नैसर्गिक? नाचणीचं वरकस, त्याच्या वरचं रान आणि त्याच्या खालचं भातखाचर हा एकच उतार आहे, त्यावरून एकच पाणी खाली येतं. उतार सुटतो तेव्हा रकाना विचारत नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गेलं, २०२१ च्या जुलैत महाडजवळचं तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं नंतर सरकारनेच सांगितलं. यादी पायी फिरून झाली असती तर ती वाडी त्यात आली असती, असा दावा मी करणार नाही. पण गावाच्या हद्दीने आणि टक्केवारीने उतार मोजला की नेमकी वाडी हातून सुटते, कारण वाडी म्हणजे महसुली गाव नव्हे. केंद्राने घाटाच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा काढला. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा, ५६,८२५ चौरस किलोमीटरचा. आदल्या दिवशी पहाटे वायनाडमध्ये डोंगर कोसळला होता.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मी हलका मानत नाही. तहसीलदाराला, वनाधिकाऱ्याला, न्यायाधीशाला हो किंवा नाही सांगावं लागतं. वाळू अडते का, पाणी मुरतं का, अशा प्रश्नांवर दोन तज्ज्ञ दोन उत्तरं देतात आणि खटला वीस वर्षं चालतो. शंभर मीटर म्हटलं की निदान भांडण मिटतं. शिवाय काम हा शब्द सैल आहे, त्याचा अर्थ बलवान माणूस आपल्या सोयीने लावील. बरोबर. पण आकड्याचा अर्थ बलवान लावत नाही का? समोच्च रेषा कुठली धरायची, नकाशा कुठल्या प्रमाणाचा, दोन टेकड्यांमधलं अंतर माथ्यापासून की पायथ्यापासून, या सगळ्या फटी आकड्यातच असतात, आणि त्या सामान्य माणसाला दिसत नाहीत, ही जास्तीची सोय. सैल शब्दावर गावकरी निदान वाद घालू शकतो. आकडा हवाच आहे. फक्त तो कोणत्या कामावरून काढला हे आदेशात लिहिलेलं असावं, म्हणजे काम त्या आकड्यात बसत नाही हे दिसलं की आकडा बदलता येईल. इंजिनियर सहनमर्यादा ठरवताना हेच करतो. भूगोलाच्या बाबतीत आपण आकड्याला निसर्गाचा मान देऊन बसतो.

याची सर्वांत रोजची जागा म्हणजे दुष्काळ. आपली जुनी पैसेवारी पिकावरून काढली जाते, गावाच्या पातळीवर. पन्नास पैशांच्या आत आली की टंचाई. तिच्यात ढिलाई होती, राजकारण होतं, आणि अंतिम आकडा डिसेंबरात येई तोवर शेतकरी कर्जात बुडालेला असे. पण ती निदान विचारत असे की शेतात काय उगवलं. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने शास्त्रशुद्ध निकष आणले: पावसाची तूट, खंड, मग पेरणी, उपग्रहातून दिसणारी हिरवाई, जमिनीतला ओलावा, पाणीसाठे, आणि शेवटी प्रत्यक्ष पाहणी. कागदावर ही पैसेवारीपेक्षा सरस आहे, आणि कामाचं मोजमाप करण्याचा प्रयत्न तिच्यात दिसतो. तिचा घात केला तो एककाने. पाऊस तालुक्याच्या हद्दीने पडत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात एका डोंगराच्या आड ओढा वाहतो आणि पलीकडच्या अंगाला टँकर फिरतो.

२०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्याने संहितेप्रमाणे ४० तालुके दुष्काळी जाहीर केले, २४ गंभीर आणि १६ मध्यम. उरलेल्या तालुक्यांत ओरड झाली. नोव्हेंबरात सरकारने पट्टी बदलली आणि तालुक्याऐवजी महसुली मंडळ धरलं: जून ते सप्टेंबरमधला पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि ७५० मिलिमीटरच्या आत, तर ते मंडळ दुष्काळसदृश. अशी १,०२१ मंडळं निघाली. संहितेत गंभीर आणि मध्यम आहे. सदृश ही राज्याची भर. आकाश तेच होतं, विहिरी त्याच होत्या. मंडळाचं एकक तालुक्यापेक्षा बरं, यात शंका नाही, पण एका ठिकाणच्या पर्जन्यमापकावर अनेक गावांचं नशीब टांगलेलं राहतं, आणि ७६ टक्के पावसाचं मंडळ बाहेर पडतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबरात मोजते. तलाठी गावागावांतली पैसेवारी अजूनही काढतोच. मंडळाच्या पावसाच्या आकड्याशेजारी हे दोन रकाने मांडले तर ७६ टक्क्यांच्या मंडळातल्या कोरड्या गावाला निदान अर्ज करायला आधार मिळतो, आणि त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. नोंदी सरकारच्याच दोन खात्यांत पडून आहेत.